तांबड्या फुलीची गाडी

आमच्या ह्यांना दारूचं, तंबाखूचं, पत्त्यांचं कसलंच व्यसन नाही, असं मी माहेरी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर सांगायचं बंद केलं. ह्यांना चाकांचं व्यसन होतं. दारूची उतरते तरी, ही नशा उतरायचं नाव नव्हतं.

पौडला एसटीच्या थांब्यामागे ह्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पन्नास ते साठमधली ती वर्षं. मिलिटरीच्या लिलावात जुन्या गाड्या निघत, आणि त्यातलीच एक, लढाईच्या काळातली अँब्युलन्स, ह्यांनी एक दिवस खडखडत दारात आणून उभी केली. मला वाटलं, माल वाहायला असेल. तर ह्यांनी तिचं घर केलं! आत एक खाट ठोकली, खिडक्यांना पडदे लावायला लावले, एक फळी अशी बसवली की उघडली तर ओटा आणि मिटली तर भिंत. कोपऱ्यात पंपाचा स्टो. कुठल्याशा इंग्रजी मासिकात ह्यांनी चित्र पाहिलं होतं म्हणे. तिकडे परदेशात माणसं वाळवंटातून घरासकट हिंडतात. संध्याकाळ होईल तिथे थांबतात, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप.

"हिंडायला घर कशाला बरोबर न्यायचं?" मी विचारलं. "घराचा कंटाळा येतो म्हणून तर माणूस हिंडतो."

"तुला नाही कळायचं," ह्यांचं ठरलेलं उत्तर.

गाडीच्या दोन्ही कुशींवर आणि मागच्या दारावर पांढऱ्या गोलात तांबडी फुली होती. ह्यांनी सगळी गाडी आकाशी रंगवली आणि फुलीवर ब्रश टेकवणार, तोच मी म्हणाले, "राहू द्या ती. शोभून दिसते." खरं कारण वेगळं होतं. आदल्या आठवड्यात ह्याच गाडीतून सामान आणायला पुण्याला गेलो, तेव्हा मी शेजारी बसले होते. ती फुली बघून बैलगाड्या भराभर कडेला होत होत्या आणि नाक्यावरचा शिपाई न अडवता हात वर करून सोडत होता. जन्मात माझ्यासाठी कुणी रस्ता सोडला नव्हता. मला ते फार म्हणजे फार आवडलं. ह्यांनी मग उरलेल्या तांबड्या रंगाचा आणखी एक हात दिला आणि फुली अशी लखलखीत केली की अर्ध्या मैलावरून दिसावी. हे माझ्या सांगण्यावरून झालं. ते मी कधी कुणावर ढकललं नाही आणि आजही ढकलत नाही.

मे महिन्यात आम्ही पहिली सफर काढली. आम्ही दोघंच. मूलबाळ तोवर नव्हतं. पौडहून पहाटे निघायचं, मालेमार्गे मुळशीचं धरण गाठायचं, पुढे पाण्याच्या कडेकडेने जाणाऱ्या कच्च्या वाटेने घाटमाथ्याच्या दिशेला जमेल तेवढं जायचं, रात्री तिथेच मुक्काम. बरोबर तांदूळ, बेसन, कांदे, लिंबं, साखर. पाण्याचा फिरकीचा तांब्या खाटेखाली आणि इंजिनासाठी पुढे बंपरला टांगलेली कॅनव्हासची पिशवी. "जास्त पाणी कशाला?" ह्यांचं म्हणणं. "आपण धरणावर चाललोय, राजस्थानात नाही."

धरणाच्या पुढे गेलो आणि मी बघतच राहिले. मुळशीचं पाणी मी श्रावणात पाहिलेलं, काठोकाठ भरलेलं. आता ते कुठे पळालं होतं देव जाणे. जिकडे पाहावं तिकडे भेगाळलेला, पांढरा पडलेला गाळ. त्यातून जुन्या बुडालेल्या गावाची जोती वर आली होती, एका ठिकाणी तर दगडी उंबरा दिसला. लांब, अगदी लांब, पाण्याची निळी पट्टी. आम्ही उतरून चालत जायला गेलो तर वीसेक पावलांवर वरचा पापुद्रा मोडला आणि ह्यांचा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. म्हणजे पाणी डोळ्यांना दिसतंय, हाताला लागत नाही. वर उन्हाचा नुसता भडका. गाडीचा पत्रा इतका तापला की दाराला हात लावला तर बोट भाजलं.

"आलं का वाळवंट तुमचं?" मी म्हणाले. हे पायाचा चिखल पुसत हसत होते.

दहाच्या सुमाराला इंजिनाने पहिली वाफ सोडली. कॅनव्हासच्या पिशवीतलं पाणी सगळं आत गेलं. मैलभर पुढे पुन्हा वाफ. तेवढ्यात एका वळणावर वाटेत आडवी टाकलेली करवंदीची फांदी दिसली आणि तिच्यामागे उभी माणसं. चारपाच पुरुष, सातआठ बाया. वरच्या अंगाला दहाबारा घरांची वाडी होती. आम्ही थांबताच पुरुष पुढे झाले. एकाने काही न विचारता टोपण उघडून पाण्याचा हंडा इंजिनात ओतला, दुसऱ्याने दुसरा. एका बाईने पुढे होऊन बॉनेटला हळदीकुंकू लावलं. बाया मात्र एकीला लागून एक उभ्या, पदराचे बोळे तोंडात धरून. मला वाटलं, लाजतायत.

हे अगदी भारावून गेले. "बघितलंस? ह्याला म्हणतात खेड्यातली माणुसकी. न मागता पाणी!"

मीही भारावलेच. खाली उतरून दोन शब्द बोलावं म्हणून मागे गेले, तर मागचं दार सताड उघडं आणि चौघंजण घोंगडीची झोळी करून एका बाईला माझ्या खाटेवर ठेवत होते. माझ्या नव्या चादरीवर! बाई विशी-बाविशीची. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहील अशी. लुगडं सगळं खराब झालेलं. वासाने मला भडभडून आलं.

"अहो, हे काय?" मी ओरडलेच. "हे काय चालवलंय?"

"रातच्यान् उलट्या-जुलाब हायेत, डाक्टरीणबाई," झोळीचा एक कोपरा धरलेला म्हातारा म्हणाला. "थेंबभर पानी ठरंना पोटात. तलाठी म्हनला व्हता, फिरता दवाखाना येनार हाय म्हून. आमी सकाळधरनं वाटंवरच हाये."

हे धावत आले. त्यांचा चेहरा उतरला. "बाबा, ही दवाखान्याची गाडी नाही हो. हे आमचं घर आहे. आम्ही हिंडायला निघालोय."

मग तोच म्हातारा गाडीच्या दाराकडे बोट करून म्हणाला, "मंग फुली कशापायी काडलीया?"

त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? की माझ्यासाठी बैलगाड्या बाजूला व्हाव्यात म्हणून? मला इतकी शरम जन्मात वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर शरमेच्या आधी दुसरंच वाटून गेलं होतं. ही पटकी असेल, कॉलरा. हिला उतरवा, दार लावा आणि गाडी हाका, असं. ते मनात आलं हे मी लपवत नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली आणि म्हणाले, "पौडला नेऊ. वळवा गाडी."

बरोबर तिची सासू चढली. पन्नाशीची, वाळकी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चढताना ती मागे वळून त्या बायांकडे एकदा रोखून बघत राहिली, मग दार ओढून घेतलं. मी वाट पाहत होते की आजारी बाईचा नवराही चढेल. तो कोण ते कळत होतं, कारण झोळी ठेवल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. पण तो खालीच उभा राहिला, आणि गाडी वळायच्या आत पाठ फिरवून वाडीची चढण चढायला लागला. मी थक्क झाले. बायको मरायला टेकलीय आणि हा घरी चालला!

"तुमचा मुलगा येत नाही?" मी सासूला विचारलं.

"त्याला काम हाय," ती म्हणाली.

काम! माझ्या जिभेला हाड नव्हतं तेव्हा. "कसलं हो काम?" मी म्हणाले. "बायकोपेक्षा मोठं? कसला दगड जन्माला घातलात, मावशी?" ती सुनेचे पाय चोळत राहिली. वर पाहिलं नाही की उलट बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला आणखी राग आला. म्हटलं, ही पण तसलीच. पोराचं पांघरूण घालतेय.

गाडी गचके खात चालली होती. आत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. तेवढ्यात आजारी बाईने डोळे उघडले आणि माझा हात धरला. बर्फासारखा थंड हात, त्या उन्हात! "डाक्टरीणबाई," ती पुटपुटली, "मी मरतीया का?"

मी डॉक्टरीण नव्हते. मॅट्रिकला दोनदा बसलेली बाई. पण तिला ते सांगायची माझी छाती झाली नाही. "अजिबात नाही," मी म्हणाले. "माझ्या हातून आजवर कुणी मेलेलं नाही." हे एका अर्थी खरंच होतं. तिने डोळे मिटले. मग मला हातावर हात ठेवून बसवेना. मला माझी आई आठवली, लहानपणी आम्हाला जुलाब झाले की ती चमच्याचमच्याने साखरमिठाचं पाणी पाजायची, "ओकलीस तरी पुन्हा घे" म्हणून दटावायची. फिरकीच्या तांब्यात मी साखर ढवळली, चिमूट मीठ टाकलं, लिंबू पिळलं आणि चमच्याने तिच्या ओठांत सोडायला लागले. पहिले चार चमचे तसेच बाहेर आले, माझ्या अंगावर. पाचवा राहिला. मी दर चमच्यामागे गाडीचे दहा गचके मोजत होते.

धरण मागे पडलं आणि इंजिनातून पुन्हा वाफ यायला लागली. हे थांबून खाली उतरले. बघतात तर पाण्याची रबरी नळी फाटलेली. वाडीतलं दोन हंडे पाणी आम्ही रस्ताभर सांडत आलो होतो. ह्यांनी फडकं गुंडाळून नळी बांधली आणि मागे आले.

"तांब्या दे."

"कशाला?"

"कशाला काय? इंजिनात घालायला. पाण्याशिवाय चाललं तर जाम होईल. गाडी बंद पडली तर ही वाटेतच जाईल. कळतं का?"

"आणि पाणी दिलं तर ती आत्ताच जाईल," मी म्हणाले. "बघा तिच्याकडे. तासात पहिल्यांदा पोटात पाणी ठरलंय."

दोन्ही खरं होतं. आजूबाजूला नदीचं नुसतं कोरडं पात्र, गोटेच गोटे. झाड म्हणायला एक वाळका पळस. हे माझ्यापुढे हात पसरून उभे, मी तांब्या पोटाशी धरून बसलेली. लग्नानंतर ह्यांना मी तोंडाने कितीही टोचलं असेल, पण हातातली वस्तू नाही म्हणून कधी धरून ठेवली नव्हती. ह्यांनी सासूकडे पाहिलं. ती म्हणाली, "सायेब, हाके पत्तूर हाका. म्होरं बघू." म्हणजे हाकेच्या अंतरापर्यंत. तिथून माणसं दिसली की हाक मारता येईल एवढं.

ह्यांनी एक शिवी हासडली, कुणाला ते सांगता येणार नाही, आणि गाडी तशीच हाकली. आपल्या हाताने आपलं इंजिन मारत तो माणूस जवळजवळ दोन मैल गाडी चालवत राहिला. मालेची झाडं दिसायला लागली आणि आतून एक असा आवाज आला की मला वाटलं कुणी घण घातला. मग काहीच नाही. इंजिन कायमचं जाम झालं होतं. ह्यांनी स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

शेतात शेणखताच्या गाड्या खाली करणारे शेतकरी धावत आले. ह्यांनी सगळं सांगितलं. ही दवाखान्याची गाडी नाही हेही आधीच सांगून टाकलं. त्यांतल्या एकाने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बैलगाडीत घातली तर उन्हानंच जाईल. हिला सावली हाय ती ऱ्हाऊ द्या. गाडीच वडू." आणि दोन जोड्या आणून त्यांनी आमच्या गाडीला जुंपल्या! मालेतून पाण्याची कळशी मिळाली, गूळ मिळाला, एका घरातून पेज आली. ह्यांना कुणीतरी पुढे सायकल दिली, हे पौडला डॉक्टरांना सांगायला गेले. मी चमचे मोजत राहिले. खिडकीतून बैलांच्या पाठी दिसत होत्या, आणि त्या चालीने पौड कधी येणार कुणास ठाऊक. मध्ये एकदा बाईची नाडी मला सापडेना. मी दोन्ही मनगटं चाचपली. मग सासूने माझं बोट धरून तिच्या गळ्याशी टेकवलं. तिथे काहीतरी हलत होतं.

पौडला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभे होते, सुई-नळ्या उकळून तयार. पटकीच, ते म्हणाले. आम्हा तिघांना टोचलं आणि अंगावरचे कपडे उकळायला लावले. नुकत्याच पुण्याहून परतलेल्या जीपमधून कंपाउंडरला औषधांसह वाडीवर रवाना केलं. बाईच्या शिरेत मिठाचं पाणी लावलं. दिवस मावळायच्या आत तिने स्वतःहून पाणी मागितलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाचली. वाटेत पाणी पाजत आलात म्हणून माझ्या हाताला लागली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं, आणि थोडं फुशारकीचंही. कधी एकदा सासूला सांगते असं झालं. चहाचा कप घेऊन बाहेर गेले. ती दवाखान्याच्या अंगणात दगडी पायरीवर बसली होती.

"वाचली, मावशी! डॉक्टर म्हणाले."

"नक्की?"

"नक्की. पाणी मागितलं तिने."

तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. मग दोन्ही हात वर उचलले आणि पायरीच्या कडेवर आपटले. बांगड्या फुटून उडाल्या. एक काच माझ्या पायाशी आली. कप माझ्या हातातून पडला. मी तिचे हात धरले, "अहो काय करताय, वेड लागलंय का, सून वाचली म्हणतेय मी!"

"सून वाचली, बाई," ती म्हणाली. "तिचा सासरा पाटंलाच गेला."

मला काही कळेना. तिने कपाळावर पदर फिरवला, कुंकू सगळं पसरलं. "ह्याच रोगानं गेला. आमी त्याला घरात ठिऊन वाटंवर आलो. आग द्यायला पोरगा मागं ऱ्हायला. लेकानं न्हाई दिली तर कोन देनार?"

पाठ फिरवून वाडीची चढण चढणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याला मी दिवसभर दगड म्हणत होते, आणि त्याच्या आईला ते ऐकवत होते. पाय चोळता चोळता ती सगळं ऐकत होती.

"मावशी, मग तुम्ही बोलला का नाहीत? एका शब्दाने तरी?"

"कशी बोलनार?" ती अगदी सरळ म्हणाली. "सायेब म्हनलं, ह्ये आमचं घर हाय. आमी सुतकातली मानसं. सुतक घेऊन परक्याच्या घरात कसं शिरायचं? सांगितलं आस्तं तर तुमी दार लावलं आस्तं. म्हून बायांना डोळ्यानंच दाबलं, रडायचं न्हाई म्हून." मग तिने विचारलं, "घेतलं आस्तं का तुमी? खरं सांगा, बाई."

दिवसभर मी डॉक्टरीण म्हणून खोटं बोलले होते, सहज, न अडखळता. आत्ता एकच खोटं बोलायला हवं होतं. "घेतलं असतं" एवढंच. चादरीसाठी ओरडले होते ती मी. देवाला निघताना विटाळ नको म्हणून शेजारणीची सावली टाळणाऱ्या घरात वाढले होते ती मी. तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग "आसूं द्या," म्हणाली, माझा हात थोपटला आणि विचारलं, "हितं रडलेलं चालतं न्हवं?"

मी मान हलवली. तेव्हा कुठे, पहाटेपासून पहिल्यांदा, ती मोठ्याने रडायला लागली.